नोकरकपात जिनिव्हात, काळजी गावात

जागतिक आरोग्य संघटनेत मोठी नोकरकपात होणार असल्याच्या बातम्या २०२५ सालभर वर्तमानपत्रांत येत होत्या. त्या वाचून काही वाचकांनी मला विचारले, "डॉक्टर, जिनिव्हातल्या साहेबांच्या नोकऱ्या गेल्या तर आपले काय बिघडले? आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर मिळत नाही, त्यावर लिहा की!" प्रश्न रास्त आहे आणि त्यातला टोमणाही मला मान्य आहे. परंतु या दोन गोष्टी वाटतात तितक्या वेगळ्या नाहीत. म्हणून या आठवड्यात एखाद्या रोगाविषयी न लिहिता, रोगांवर पाळत ठेवणाऱ्या माणसांविषयी लिहावे असे ठरवले. ही माणसे कोण असतात, त्यांना पगार कुठून मिळतो आणि ती निघून गेली की काय होते, हे सर्वसामान्य वाचकालाही ठाऊक असायला हवे.

संघटना केवढी?

जागतिक आरोग्य संघटनेची घटना ७ एप्रिल १९४८ रोजी अमलात आली. म्हणूनच ७ एप्रिल हा दिवस आपण जागतिक आरोग्य दिन म्हणून पाळतो. संघटनेचे मुख्यालय स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा येथे आहे. त्याशिवाय सहा विभागीय कार्यालये आहेत. आपल्या आग्नेय आशिया विभागाचे कार्यालय नवी दिल्लीत आहे. बाकीची ब्राझाव्हिल, वॉशिंग्टन, कैरो, कोपनहेगन आणि मनिला येथे. याखेरीज दीडशेच्या आसपास देशांत संघटनेची छोटी-मोठी कार्यालये आहेत.

एवढा पसारा म्हटल्यावर लाखभर माणसे असतील असे वाटते. प्रत्यक्षात जानेवारी २०२५ मध्ये संघटनेत ९,४०१ पदे होती. साऱ्या जगासाठी साडेनऊ हजारांहून कमी! आपल्या एकट्या महाराष्ट्रात आशा स्वयंसेविका सत्तर हजारांच्या आसपास आहेत, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचा अर्थ कळतो. पैशाचेही तसेच. २०२६ आणि २०२७ या दोन वर्षांसाठी संघटनेचे अंदाजपत्रक ४२० कोटी डॉलर्सचे आहे. म्हणजे वर्षाला २१० कोटी डॉलर्स, आपल्या हिशेबाने अठरा-एकोणीस हजार कोटी रुपये. मुंबई महानगरपालिकेचे २०२५-२६ या एका वर्षाचे अंदाजपत्रक ७४,४२७ कोटी रुपयांचे होते. मुंबई महापालिका एका शहरासाठी जो खर्च मांडते, त्याच्या साधारण चौथ्या हिश्शात जगाच्या आरोग्याची देखरेख करायची, असा हा मामला आहे.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. ही संघटना स्वतः दवाखाने चालवत नाही आणि चालवूही शकत नाही. औषधांचे निकष ठरवणे, देशांना सल्ला देणे, साथ कुठे उद्भवली याची खबर ठेवणे आणि ती सर्वांना देणे, ही तिची मुख्य कामे. पुण्यात तयार होणारी लस आफ्रिकेतल्या बालकाला टोचली जाते, कारण ती निकषांना उतरते की नाही हे या संघटनेच्या तज्ज्ञांनी आधी तपासलेले असते. ही सारी कामे माणसांच्या डोक्यावर आणि पायांवर चालतात. इथे यंत्रसामग्रीत फारसे भांडवल नाही. संघटनेचे भांडवल म्हणजे तिची माणसे. सबब, पदे कमी होणे म्हणजे तिचे कामच कमी होणे.

तिथे काम कोण करते?

या संघटनेतील कर्मचाऱ्यांचे ढोबळमानाने तीन वर्ग आहेत. पहिला वर्ग आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांचा. यांची निवड जगभरातून होते आणि त्यांना कोणत्याही देशात पाठवता येते. दुसरा वर्ग राष्ट्रीय अधिकाऱ्यांचा. हे त्या त्या देशाचेच नागरिक असतात आणि आपल्याच देशात काम करतात. तिसरा वर्ग कार्यालयीन व सहायक कर्मचाऱ्यांचा. लिपिक, लेखापाल, वाहनचालक असे हे लोक स्थानिक भरतीतून घेतले जातात. डॉलरमध्ये गलेलठ्ठ पगार घेणारे साहेब म्हणून जे चित्र आपल्या डोळ्यांपुढे असते ते पहिल्या वर्गाचे. उरलेल्या दोन वर्गांचे पगार स्थानिक मानाने ठरतात.

भरती करताना काय पाहावे, हे संघटनेच्या घटनेतच सांगितले आहे. कार्यक्षमता, सचोटी आणि आंतरराष्ट्रीय स्वरूप यांना पहिला मान. त्याबरोबरच माणसे जास्तीत जास्त देशांतून घ्यावीत, हेही कलम आहे. शिवाय कर्मचाऱ्याने कोणत्याही सरकारचे हुकूम मागू नयेत आणि पाळू नयेत, असेही बजावले आहे. जिनिव्हात बसलेला भारतीय डॉक्टर तिथे भारत सरकारचा नोकर नसतो, आणि अमेरिकन डॉक्टर अमेरिकेचा नसतो. कल्पना उदात्त आहे यात शंका नाही.

व्यवहारात मात्र ती पुरती उतरलेली नाही. कोणत्या देशाचे किती तज्ज्ञ असावेत, यासाठी देशाचे सदस्यत्व, वर्गणी आणि लोकसंख्या यांवरून एक मर्यादा ठरवलेली असते. या मोजपट्टीवर सुमारे एक तृतीयांश देशांचा एकही माणूस नाही, किंवा असावेत त्यापेक्षा कमी आहेत, असे वर्षानुवर्षे दिसत आले आहे. दुसरीकडे काही श्रीमंत देशांचे लोक प्रमाणाबाहेर आहेत. यात केवळ पक्षपात आहे असे मी म्हणणार नाही. जिनिव्हा हे महागडे शहर. इंग्रजी वा फ्रेंच उत्तम हवी, परदेशी विद्यापीठाची पदवी हवी, वरिष्ठांशी ओळख हवी. धडगावच्या किंवा भामरागडच्या डॉक्टरने आदिवासी भागात वीस वर्षे घालवली असली, तरी तो अनुभव अर्जाच्या रकान्यात कसा बसवायचा हे त्याला कोण शिकवणार? उमेदवारीच्या काळात तर पूर्वी पैसेच मिळत नसत. त्यामुळे जिनिव्हात सहा महिने स्वखर्चाने राहू शकणाऱ्यांचीच मुले तिथे पोहोचत. जानेवारी २०२० पासून या उमेदवारांना विद्यावेतन मिळू लागले, ही चांगली सुधारणा झाली.

स्त्रियांच्या बाबतीत चित्र बरेच बदलले आहे. तज्ज्ञांच्या पदांवर निम्म्या स्त्रिया असाव्यात असे उद्दिष्ट जागतिक आरोग्य परिषदेने १९९७ साली ठरवले. १९९८ मध्ये नॉर्वेच्या डॉ. ग्रो हार्लेम ब्रुंटलँड या संघटनेच्या पहिल्या महिला महासंचालक झाल्या. आज तज्ज्ञांच्या वर्गात स्त्रियांचे प्रमाण निम्म्याच्या जवळ आले आहे. वरच्या पायऱ्यांवर मात्र ते अजून कमी आहे. आपल्या डॉ. सौम्या स्वामीनाथन २०१९ मध्ये संघटनेच्या पहिल्या मुख्य शास्त्रज्ञ झाल्या आणि कोरोनाच्या काळात त्यांचा आवाज जगाने ऐकला, हे वाचकांना आठवत असेलच.

परदेशी तज्ज्ञाकडून आपल्या माणसाकडे

सुरुवातीच्या काळात संघटना म्हणजे परदेशी तज्ज्ञ असेच समीकरण होते. डेन्मार्कचे डॉ. हाफडन माहलर १९५१ साली संघटनेत आले आणि त्यांनी जवळजवळ दहा वर्षे भारतात क्षयरोगाच्या कामात घालवली. पुढे १९७३ ते १९८८ अशी पंधरा वर्षे ते महासंचालक होते. "सर्वांसाठी आरोग्य" ही घोषणा त्यांच्याच काळातली. गावपातळीवरील आरोग्यसेवेचे महत्त्व त्यांना कळले त्यात भारतातल्या वास्तव्याचा वाटा होता, असे मानायला जागा आहे. जमिनीवर काम केलेला माणूस वर गेला म्हणजे धोरणातही फरक पडतो.

हळूहळू प्रत्येक देशात शिकलेली माणसे तयार झाली आणि परदेशी तज्ज्ञाची जागा देशातल्या अधिकाऱ्याने घेतली. माझ्या मते संघटनेच्या कर्मचारीवर्गात झालेला हा सर्वांत हिताचा बदल. याचे उत्तम उदाहरण सोमालियातले आहे. अली माऊ मालिन हा मेर्का गावातल्या रुग्णालयाचा स्वयंपाकी. ऑक्टोबर १९७७ मध्ये त्याला देवी आल्या. नैसर्गिकरीत्या झालेला देवीचा तो जगातला शेवटचा रोगी. तो बरा झाला आणि पुढे पोलिओ निर्मूलनाच्या कामाला लागला. लस घ्यायला कचरणाऱ्या आईबापांना तो स्वतःची गोष्ट सांगे. २०१३ मध्ये याच कामावर असताना हिवतापाने त्याचा मृत्यू झाला. कोणत्याही परदेशी तज्ज्ञाला जमले नसते ते या स्वयंपाक्याला जमले.

आपल्याकडचे उदाहरण तर घरचेच आहे. १९९७ मध्ये भारत सरकार आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून राष्ट्रीय पोलिओ सर्वेक्षण प्रकल्प सुरू केला. त्यात सर्वेक्षण वैद्यकीय अधिकारी नेमले गेले. हे सारे आपल्याच देशातले डॉक्टर. मी आरोग्य खात्याच्या सेवेत असताना या अधिकाऱ्यांचे काम जवळून पाहिले आहे. जीप घेऊन हा माणूस जिल्हाभर फिरे. पंधरा वर्षांखालील एखाद्या मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला, एवढी खबर लागली की तो त्या वस्तीवर हजर होई. लुळेपणा सुरू झाल्यापासून चौदा दिवसांच्या आत, चोवीस तासांच्या अंतराने, त्या मुलाच्या शौचाचे दोन नमुने घ्यायचे. ते बर्फात ठेवून मुंबईच्या प्रयोगशाळेत पाठवायचे. साठ दिवसांनी परत जाऊन मुलाचा पाय कसा आहे ते पाहायचे. खाजगी डॉक्टर, वैद्य, भगत, मांत्रिक, सगळ्यांकडे फेरी मारून "असे मूल आले का?" हे विचारत राहायचे. आम्हा सरकारी डॉक्टरांनाही हा माणूस कधी कधी नकोसा होई, कारण तो आमच्या कागदांवरचे लसीकरणाचे आकडे घरोघर जाऊन ताडून पाही! पण त्या ताडून पाहण्यानेच काम झाले. १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात एका बालिकेला पोलिओ झाला. भारतातला तो या नैसर्गिक विषाणूचा शेवटचा रोगी. २७ मार्च २०१४ रोजी आपला विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला.

पुढे हेच जाळे गोवर-रुबेलाच्या पाळतीला उपयोगी पडले आणि २०२० साली कोरोना आला तेव्हा रोग्यांचा माग काढायलाही लावले गेले. पोलिओसाठी तयार केलेली माणसे हाताशी होती म्हणूनच हे घडले. अनुभवी माणूस आयत्या वेळी बाजारात विकत मिळत नाही.

ज्याची खावी पोळी…

आता खरी मेख सांगतो. हे जे अधिकारी जिल्ह्याजिल्ह्यांत फिरत होते, त्यांच्यापैकी बहुतेकांची नेमणूक मुदतीच्या करारावर असे. वर्षभराचा करार, मग पुढचा, मग त्याच्या पुढचा. असे का? याचे उत्तर संघटनेच्या तिजोरीत आहे.

संघटनेला दोन वाटांनी पैसा मिळतो. एक वाट सदस्य देशांच्या वर्गणीची. हा पैसा हक्काचा आणि मोकळा असतो, संघटना आपल्या गरजेप्रमाणे तो खर्च करते. दुसरी वाट देणग्यांची. देणगी देणारा ती विशिष्ट कामासाठी देतो. पोलिओसाठी दिलेला पैसा क्षयरोगाला वापरता येत नाही. १९८२ साली सदस्य देशांनी वर्गणीची वाढ महागाईपुरतीच ठेवली आणि १९९३ पासून तर तेवढीही बंद केली. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला एकूण खर्चात देणग्यांचा वाटा साधारण चौथा हिस्सा होता. १९९० च्या सुमारास तो निम्म्याच्या वर गेला. त्यानंतर वर्गणीचा वाटा घटत घटत पाचव्या हिश्शाच्याही खाली आला.

आपल्याकडे म्हणच आहे, ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी. देणगी दोन वर्षांची, तर माणूस किती वर्षांचा नेमणार? म्हणून कायम नोकऱ्या कमी होत गेल्या आणि मुदतीचे, तात्पुरते, सल्लागार, विशेष करारावरचे असे लोक वाढत गेले. यातील सल्लागार आणि करारावरचे लोक अधिकृत कर्मचारीसंख्येत धरलेही जात नाहीत. वर मी ९,४०१ हा आकडा दिला, त्यात ते नाहीत. म्हणजे त्यांना कमी केले तर ती कपात कोणत्याही तक्त्यात दिसत नाही.

दोष केवळ पाश्चात्त्य देशांना देऊन चालणार नाही. आपल्या सरकारनेही २०२२ साली जामनगर येथे पारंपरिक औषधांच्या जागतिक केंद्रासाठी सुमारे २५ कोटी डॉलर्स देऊ केले. केंद्र चांगलेच आहे. पण तोही ठरावीक कामासाठी दिलेला पैसाच. सगळेच देश आपापल्या आवडीचे ताट वाढू लागले, तर रोजच्या भाजीभाकरीची सोय कोण करणार?

माणसे गेली की काय होते?

हे कल्पनेने सांगण्याची गरज नाही. अनुभव आहेत, आणि पहिला तर आपलाच आहे.

हिवताप निर्मूलनाची मोहीम संघटनेने १९५५ साली जगभर हाती घेतली. आपल्याकडे १९५८ पासून निर्मूलनाचा कार्यक्रम जोरात चालला. १९६५ च्या सुमारास देशातल्या हिवतापाच्या रोग्यांची संख्या एक लाखावर आली होती. रोग संपला असे समजून पाळत ढिली पडली. फवारणीचे औषध वेळेवर मिळेना, डास त्याला दाद देईनात आणि घरोघर जाऊन रक्तनमुने घेणारी यंत्रणाही सैल झाली. १९७६ मध्ये रोग्यांची संख्या चौसष्ट लाखांवर गेली! त्या वर्षांत घरटी तापाने फणफणलेली माणसे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

दुसरा अनुभव पश्चिम आफ्रिकेतला. २००८-०९ च्या जागतिक मंदीनंतर संघटनेला पैशाची चणचण भासली. २०११ साली जिनिव्हातली शेकडो पदे कमी झाली. साथींना तोंड देणाऱ्या विभागालाही झळ बसली आणि अनुभवी लोक बाहेर पडले. मार्च २०१४ मध्ये गिनी देशात इबोला जाहीर झाला. संघटनेने आंतरराष्ट्रीय आणीबाणी पुकारली ती ८ ऑगस्टला. तोवर साथ गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओन या तीन देशांत पसरली होती. तीत अकरा हजारांहून जास्त माणसे मेली. उशिराला इतरही कारणे होती हे मान्य. पण आग लागल्यावर बंबवाले शोधायला निघणे परवडत नाही, हा धडा त्यातून जगाला मिळाला. २०१६ मध्ये संघटनेने आणीबाणीसाठी स्वतंत्र विभाग उभा केला.

तिसरा अनुभव लाजिरवाणा आहे. काँगोमध्ये २०१८ ते २०२० या काळात इबोलाची साथ आली, तेव्हा घाईघाईने तात्पुरती माणसे मोठ्या संख्येने भरली गेली. नोकरीचे आमिष दाखवून स्त्रियांचे लैंगिक शोषण झाल्याच्या तक्रारी पुढे आल्या. सप्टेंबर २०२१ मध्ये स्वतंत्र चौकशी आयोगाने ८३ संशयितांचा उल्लेख केला. त्यातले २१ जण जागतिक आरोग्य संघटनेने नेमलेले होते. संघटनेने माफी मागितली. पण घाईने घेतलेला, न पारखलेला, उद्या इथे नसणारा माणूस आणि त्याच्या हाती दिलेली नोकऱ्या वाटण्याची सत्ता यांतून काय निपजते, हे जगाला दिसले.

२०२५ ची कपात

२० जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या अध्यक्षांनी संघटनेतून बाहेर पडण्याचा आदेश काढला. नियमाप्रमाणे एक वर्षाची मुदत होती, ती जानेवारी २०२६ मध्ये संपली. अमेरिका हा संघटनेचा सर्वांत मोठा आधार होता, जवळपास १८ टक्के पैसा तिथून येई. इतर काही श्रीमंत देशांनीही परदेशी मदतीला कात्री लावली. २०२६-२७ साठी ५३० कोटी डॉलर्सचे अंदाजपत्रक योजले होते, ते ४२० कोटींवर आणावे लागले. मुख्यालयातले ७६ विभाग ३४ वर आणण्याचे ठरले. महासंचालकांभोवतीचे वरिष्ठ व्यवस्थापन चौदा जणांवरून सातवर आले. नोव्हेंबर २०२५ मध्ये संघटनेने सांगितले की जून २०२६ पर्यंत ९,४०१ पैकी २,३७१ पदे कमी होतील. काही निवृत्तीने, काही आपणहून गेल्याने, बाकीची कपातीने. म्हणजे चार माणसांतला एक गेला. तात्पुरते आणि सल्लागार यांची गणती यात नाही, हे पुन्हा सांगतो.

काही लोक म्हणतात, बरेच झाले. संघटना सुस्त झाली होती, वर साहेब फार झाले होते, परिषदा आणि विमानप्रवास फार होता. यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. ७६ विभागांचे काम ३४ विभागांत भागत असेल तर ते आधीच का केले नाही, हा प्रश्न कोणालाही पडेल. वरची चौदा पदे सातवर आली याचे मला तरी दुःख नाही.

माझा आक्षेप कपातीच्या पद्धतीला आहे. पैसा आटला की कोण आधी जातो? ज्याचा करार संपत आला आहे तो. आणि करारावर कोण असतो? तरुण डॉक्टर, गरीब देशातला अधिकारी, खेड्यात फिरणारा माणूस. ज्यांची नोकरी पक्की असते ते बहुधा वरच्या पायरीवर आणि मुख्यालयात असतात. झाड छाटताना माळी शेंडा छाटतो, मुळांना हात लावत नाही. इथे मुळेच सैल मातीत लावलेली असल्याने ती आधी उपटली जातात. शिवाय ज्या देशांना आधीच प्रतिनिधित्व कमी, तिथल्या तरुणांसाठी दारे आणखी काही वर्षे बंद होणार. नवी भरतीच नसेल तर समतोल साधणार कसा?

एक आशेची बाजूही सांगायला हवी. मे २०२२ मध्ये सदस्य देशांनी ठरवले की २०३०-३१ पर्यंत मूळ अंदाजपत्रकाचा निम्मा वाटा वर्गणीतून यावा. त्याप्रमाणे २०२३ मध्ये आणि पुन्हा मे २०२५ मध्ये वर्गणी २० टक्क्यांनी वाढवली गेली. वर्गणीचा पैसा वाढला तर माणसे पक्क्या पायावर नेमता येतील. भारतानेही आपली वर्गणी वेळेवर भरावी आणि देणगी देताना ती मोकळी द्यावी, असे मला वाटते.

आपण काय करायचे?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळतो. जिनिव्हातल्या कपातीचे आपल्याला काय?

पोलिओच्या पाळतीचे जे जाळे आपल्या देशात विणले गेले, ते कायम बाहेरच्या पैशावर चालणार नव्हते. ती जबाबदारी टप्प्याटप्प्याने देशाने उचलायची, हे २०१८ पासून संघटनेच्या धोरणातच आहे आणि भारत त्या यादीत आहे. हे योग्यच झाले. मात्र जबाबदारी उचलायची म्हणजे केवळ फायली हलवायच्या नव्हेत. त्या अनुभवी डॉक्टरांना सरकारी सेवेत पक्की जागा द्यायला हवी. नाहीतर जिनिव्हातला करार संपणार आणि मुंबईतला करार सुरू होणार, एवढाच फरक. आपल्याकडेही २००५ पासून ग्रामीण आरोग्य अभियानात हजारो परिचारिका, तंत्रज्ञ आणि डॉक्टर कंत्राटावर काम करीत आले आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये राज्यातील या कर्मचाऱ्यांनी सेवेत कायम करण्यासाठी संप केला, तेव्हा अनेक उपकेंद्रांवरची कामे अडली. जिनिव्हातला रोग आपल्या तालुक्यातही आहे. वाचकांनी मला विचारले की प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर का टिकत नाही. उत्तरात बराचसा भाग हाच आहे. ज्याला पुढच्या मार्चमध्ये आपण इथे असू की नाही हे ठाऊक नाही, तो गाव आपले कसे मानणार?

रोग संपला, आता पाळत कशाला, असेही कोणी म्हणेल. त्यांनी दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. २०२४ साली पाकिस्तानात पोलिओचे ७४ रोगी सापडले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आपल्या मेघालयातील पश्चिम गारो हिल्स जिल्ह्यात एका लहान मुलाला लसीतून बदललेल्या विषाणूमुळे लुळेपणा आला. ते मूल सापडले, कारण शोधणारे कोणीतरी अजून जागेवर होते.

वाचकांनी आपल्या हातातले काम करावे. पंधरा वर्षांखालील मुलाचा हात-पाय अचानक लुळा पडला, मग तो ताप येऊन पडो वा न येता, तर तेल-मालिशीत दिवस घालवू नका. त्याच दिवशी आशाताईला, परिचारिकेला किंवा जवळच्या आरोग्य केंद्राला कळवा. चौदा दिवसांची मुदत मी वर सांगितली आहे. नमुना वेळेत गेला तरच उपयोग. खाजगी व्यवसाय करणाऱ्या माझ्या डॉक्टर बंधुभगिनींनीही असे मूल आले तर जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना कळवण्याचा कंटाळा करू नये. जीप घेऊन विचारायला येणारा माणूस उद्या येईलच याची शाश्वती आता राहिलेली नाही.

जिल्हा परिषदेच्या सभासदांनाही एक विनंती आहे. आरोग्य समितीच्या पुढच्या बैठकीत इमारतींच्या आणि रुग्णवाहिकांच्या विषयांआधी एक साधा प्रश्न विचारा. आपल्या जिल्ह्यात रोगांवर पाळत ठेवणारी किती पदे मंजूर आहेत, किती भरली आहेत आणि त्यांतली किती कंत्राटी आहेत? उत्तर लेखी मागा आणि ते लोकांना कळू द्या.